बहिणीच्या गावाचा रस्ता

पाटोद्याच्या शाळेत मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवतोय. बीड जिल्ह्याचा नकाशा मी डोळे मिटून फळ्यावर काढतो, असा माझा लौकिक आहे, आणि तो पसरवण्याचं बरंचसं काम मी स्वतःच केलेलं आहे. असा माणूस चारचाकी घेतल्यावर फोनमधल्या बाईच्या आज्ञेत कसा गेला, हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत अजून चघळला जाणारा विषय आहे. कारण साधं आहे. बाई गोड बोलते. आपण चुकीचं वळण घेतलं तरी ती तोंड वेंगाडत नाही, 'मी सांगत होते' म्हणत नाही. क्षणभर गप्प बसते आणि निमूटपणे नवा रस्ता काढते. इतका समजूतदारपणा मला घरात मिळाला नाही, शाळेत नाही आणि पंचायत समितीत तर नाहीच नाही.

तिच्या ज्ञानाबद्दल मात्र न बोललेलं बरं. आठवडी बाजाराच्या दिवशी तिनं मला सरळ बाजाराच्या मधोमध घातलं. तिच्या मते तो रस्ता एकदम मोकळा होता. मेथीच्या जुड्या, कोंबड्यांच्या पाट्या आणि मधोमध बसून पालक निवडणाऱ्या म्हाताऱ्या तिच्या हिशेबात नव्हत्या. पाऊण तास मी इंचाइंचानं सरकत होतो आणि प्रत्येक म्हातारी मला माझ्या कुळाविषयी काहीबाही सांगत होती. उसाचा हंगाम तिला माहीत नाही. पुढं दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असला की वीस मिनिटांचा रस्ता तासाचा होतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, बाईला नाही. एकदा एका गावात 'आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात' असं तिनं मोठ्या समाधानानं जाहीर केलं. समोर एका माणसाचं न्हाणीघर होतं आणि तो आत होता. पडद्याआडून त्यानं विचारलं, "कोण हाय?" माझ्याकडं या प्रश्नाचं पटेलसं उत्तर नव्हतं, म्हणून मी गाडी मागं घेतली.

एवढं होऊनही मी तिला सोडलं नाही, आणि त्याचं खरं कारण गोड आवाज हे नाही. तुम्ही कधी आमच्या भागात रस्ता विचारून पाहा. चहाच्या टपरीवर गाडी थांबवून गावाचं नाव घेतलं, की पहिलं उत्तर कधीच रस्त्याचं नसतं. "कुणाकडं जायचंय?" असा उलट प्रश्न येतो. मग पाव्हणं कुठलं, आडनाव काय, तिकडं नातं कुठून लागलं, मुलगी दिलीय का केलीय, शाळेवर आहात तर बदली कवा होणार, अशी तपासणी होते. या सगळ्यात तुम्ही पास झालात, तरच डावं-उजवं कळतं. बऱ्याचदा तपासणी घेणारा दार उघडून गाडीत बसतो, कारण त्यालाही तिकडंच जायचं असतं, आणि वाटेत त्याचं शेत बघितल्याशिवाय सुटका होत नाही.

बाई काही विचारत नाही. तुम्ही कोणाकडं चाललात, का चाललात, इतके दिवस का गेला नव्हता, यातलं तिला काहीही नको असतं. भाचीच्या लग्नाच्या दिवशी मला तिचा हाच गुण हवा होता.

माझी बहीण माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. दिंद्रुडच्या अलीकडं एका लहान गावात तिला दिली. तिला एक मुलगा, एक मुलगी आणि भाऊ एकुलता एक, म्हणजे मी. आमच्याकडं लग्नात नवरीला मंडपात आणायचं काम मामाचं. तोच तिचा हात धरून आणतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. लग्नाच्या आठ दिवस आधी बहिणीचा फोन आला. "बारा पस्तीसचा मुहूर्त हाय," ती म्हणाली, "मामाबिगर पोरगी मंडपात आणणार न्हाई मी. आत्ताच सांगून ठिवते."

हे ती का सांगून ठेवत होती, ते मला कळत होतं. अकरा वर्षं मी तिच्या घरी गेलो नव्हतो. दिवाळीला फोन, राखी टपालानं, भाऊबीजेला शाळेचं काहीतरी काम. भूगोलाच्या मास्तरला भाऊबीजेच्या दिवशी शाळेत काय काम असतं, हे तिनं कधी विचारलं नाही आणि तिच्या या न विचारण्याचा मी अकरा वर्षं फायदा घेतला. पण या लग्नाला मला मनापासून जायचं होतं. भाचीचा हात धरून मंडपात गेलो, तर मधली सगळी वर्षं पुसून निघतील, असं मला वाटत होतं. बहिणीलाही तसंच वाटत असणार. नाहीतर तिनं फोन केला नसता.

आता एक अडचण. बहिणीचं गाव जागेवर राहिलेलं नव्हतं. तिथं साठवण तलाव झाला, त्यात गाव गेलं आणि सरकारनं ते उचलून दुसरीकडं माळावर नेऊन बसवलं. जुन्या गावात मी शंभरदा गेलो होतो. नवं मी पाहिलेलं नव्हतं. भाच्यानं आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलं होतं. फुलं, सूर्योदय आणि सुप्रभात यांच्या ढिगात ते पडलेलं मला दिसलंही होतं. सख्ख्या बहिणीच्या गावाचा पत्ता हा कालचा पोरगा मला सांगणार का, अशा रागानं मी ते उघडलं नाही. ऐन निघायच्या वेळी मी गावाचं नाव स्वतःच्या बोटानं फोनमध्ये घातलं. वर आकाशातून सगळं दिसतं म्हणे. अख्खं गाव उठून गेलेलं दिसणार नाही?

पाटोद्यातून आम्ही दोघं, मी आणि बायको, सकाळी साडेआठलाच निघालो. बीड, वडवणी, तेलगाव, सगळं बिनबोभाट पार पडलं. बाई त्या दिवशी अगदी रंगात होती. वडवणीत आम्ही आरामात चहा घेतला, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही मुहूर्ताच्या तासभर आधी पोहोचणार होतो. बायकोनं गाडीत बसल्या बसल्या भाचीसाठी घेतलेली साडी दोनदा उघडून दोनदा घडी केली. मी फेटा बांधल्यावर कसा दिसेन, याचा विचार करत होतो.

मोठा रस्ता सुटला, फाटा आला आणि मला धीर आला. फाट्यावरचं मारुतीचं देऊळ ओळखीचं, पुढची चिंच ओळखीची, वळणावरची विहीरही ओळखीची. इथं मी सायकलवर आलोय, बहिणीच्या बाळंतपणानंतर तिला न्यायला जीप घेऊन आलोय. बायको म्हणाली, "गाव नवं हाय ना? मग रस्ता जुना कसा?"

"रस्ता तोच असतो," मी म्हणालो. "पुढं फुटत असेल."

"कुणाला तरी इचारा की."

मी विचारलं नाही. विचारणार कसा? त्या पंचक्रोशीत गाडी थांबवून गावाचं नाव घेतलं, की 'कुणाकडं?' हे आलंच. लग्नाला, म्हटलं की 'कोण लागता?' हेही आलं. मग मी काय सांगणार होतो? मी नवरीचा मामा आहे आणि मला माझ्या बहिणीचं घर कुठं आहे ते ठाऊक नाही? हे मी फळ्यासमोर उभं राहून सव्वीस वर्षं कमावलेल्या तोंडानं बोलणार होतो? त्यापेक्षा बाई बरी. बाई म्हणाली, सरळ चला. मी सरळ गेलो.

पुढं कापसाच्या रानात एक माणूस दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवत होता. आमच्या भागातली माणसं अगत्याची. मी काच खाली करून त्याला नमस्कार केला. तो अजून जोरात हलवायला लागला. मीही अजून वाकून नमस्कार केला आणि पुढं निघालो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि साडीची पिशवी छातीशी धरली.

मग डांबर संपलं. मग खडी संपली. रस्ता एका उतारानं खाली गेला, गुळगुळीत, ऐसपैस, आणि थेट पाण्यात शिरला. मी ब्रेक दाबला तेव्हा पुढची चाकं ओल्या गाळात होती. "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात," बाई म्हणाली आणि गप्प झाली. तिची चूक म्हणता येणार नाही. समोरच्या पाण्याखाली खरोखरच माझ्या बहिणीचं गाव होतं. पाणी उतरलं होतं, त्यामुळं वेशीजवळचा हापसा दांड्यासकट वर आला होता. सगळीकडं पाणी आणि मधोमध एक हापसा. मी तिथं उभं राहून हसलो असतो, पण बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

गाडी मागं घेतली तर चाक जागच्या जागी फिरायला लागलं. फोन काढला तर त्या खोलगट भागात रेंज नाही. बायकोच्या फोनलाही नाही. पाण्यापलीकडं, समोरच्या माळावर, पत्र्यांची आणि स्लॅबची घरं एका रेषेत चमकत होती आणि मंडपाचं लाल-पिवळं कापड दिसत होतं. ते नवं गाव. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ आणि जायचं तर अख्ख्या तलावाला वळसा.

तिथं गाळात उभा असताना मला ती गोष्ट आठवली, जी मी अकरा वर्षं आठवायचं टाळत आलो होतो. गाव उठायचं ठरलं तेव्हा बहिणीनं मला फोन केला होता. नवं घर उभं राहायला एक पावसाळा जाणार होता. तेवढे चार महिने तिची दोन बैलं, एक गाय आणि धान्याच्या कणग्या आमच्या गोठ्यात ठेवाव्यात, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी म्हणालो, जागा नाही. गोठा रिकामा होता. जनावरं आम्ही आधीच विकली होती आणि उद्या कधीतरी चारचाकी घेतली तर लावायला जागा असावी, असा माझा विचार होता. बहीण फोनवर एवढंच म्हणाली, "बरं." तो पावसाळा तिनं पत्र्याच्या शेडात काढला. त्या गोठ्यात पुढं खरंच गाडी आली. तीच ही, आता गाळात रुतलेली.

मघाचा हात हलवणारा माणूस धापा टाकत पोहोचला. "आवो, किती हात केले मी," तो म्हणाला. "आन तुमी नमस्कार कावून घालायले?"

"मला वाटलं..." मी म्हणालो आणि पुढचं सोडून दिलं.

"कुणाकडं निगालता?"

आला प्रश्न. "लग्नाला," मी म्हणालो.

"पोरीकडचे का पोराकडचे?"

"पोरीकडचे."

"कोण लागता?"

बायको माझ्याकडं बघत होती. "शाळेतली ओळख आहे," मी म्हणालो.

इतकं सराईत खोटं मी निवडणुकीच्या कामावर असतानाही बोललो नव्हतो. त्या माणसानं मान हलवली, चाकाखाली घालायला दगड आणि कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणायला सुरुवात केली. तेवढ्यात पाण्यावरून लाऊडस्पीकरचा आवाज आला, एकेक अक्षर स्वच्छ. "मुलीचे मामा, जिथं असतील तिथून मंडपात यावे. मुलीचे मामा."

"बगा," तो माणूस दगड ठेवत म्हणाला, "कवाधरनं मामाच्या नावानं वरडायलेत. लई थोर मामा दिसतोय. तुमच्या वळखीचा हाय का?"

मी वाकून चाकाखाली आणखी एक दगड सारला. बायको खाली उतरली, साडी खोचली आणि गाडीला पुढून हात लावला.

मी कधी आत बसून मागचा गिअर टाकत होतो, कधी उतरून त्या दोघांबरोबर ढकलत होतो आणि चाक गाळ उडवत होतं. घड्याळात बारा पस्तीस झाले, बारा चाळीस झाले आणि लाऊडस्पीकर अजून मामालाच बोलवत होता. मुहूर्त टळून गेला तरी मंगलाष्टका सुरू होत नव्हत्या. पलीकडं कोण कुणाला थोपवून धरतंय, हे मला इथून, मंडपाच्या आतलं काही न दिसताही, दिसत होतं. बारा पन्नासला स्पीकर बंद पडला. मला वाटलं वीज गेली. मग भटजींचा आवाज आला आणि पहिली मंगलाष्टका पाण्यावरून तरंगत आमच्यापर्यंत आली. दुसरीला गाडी थोडी हलली. तिसरीला परत रुतली. 'शुभमंगल सावधान' झालं, ताशा वाजला आणि त्याच क्षणी गाडी गाळातून सुटून मागं आली. माझ्या कपाळावर अक्षतांऐवजी गाळ होता. त्या माणसानं हात पुसले आणि तलावाला वळसा घालून जायचा रस्ता सांगितला, अगदी साधा, तीन वळणांचा. हे तो मघाशी त्याच्या रानाजवळच सांगू शकला असता, असं मनात आलं. पण तिथं मी त्याला विचारलंच नव्हतं.

वर आल्यावर रेंज आली आणि फोन थरथरायला लागला. बहिणीचे नऊ मिस्ड कॉल. बाईही जागी झाली आणि 'शक्य झाल्यास मागे वळा' म्हणाली. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद करून पिशवीत टाकला.

आम्ही पोहोचलो तेव्हा पहिली पंगत बसली होती. दारात भाचा भेटला. रस्ता सापडला नाही, असं मी त्याला म्हणालो. "मामा, म्या लोकेशन पाठवलं व्हतं की," तो म्हणाला आणि आपला फोन काढून मला दाखवायला लागला. त्याच्या फोनवर गाव बरोबर जागेवर होतं, मंडपाच्या दारापर्यंत निळी रेघ. शेजारी उभ्या दोघा-तिघांनीही वाकून पाहिलं आणि माना डोलावल्या. फोन खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना पटलं. मग खोटं कोण बोलत असेल, तेही पटलेलं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"रस्ता चुकलो," मी बहिणीला म्हणालो.

ती नवरीच्या आईच्या नव्या साडीत उभी होती, आवाज बसलेला. "हितला रस्ता?" तिनं विचारलं. "म्या भटजींच्या पाया पडले. म्हणलं, दहा मिंटं थांबा, माजा भाऊ निगालाय. व्याही बोलले, पाव्हणे बोलले. यायचं नव्हतं तर फोन करून सांगायचं व्हतंस."

यायचं होतं गं, मला यायचंच होतं, असं मी म्हणालो का नुसतं मनातल्या मनात म्हणालो, ते आता आठवत नाही. तेवढ्यात एक साठीतला माणूस गर्दीतून पुढं आला. पांढरा पायजमा, पांढरी दाढी आणि डोक्यावर मामाचा भगवा फेटा. दिंद्रुडला त्याचं वेल्डिंगचं दुकान. बहिणीचं पत्र्याचं शेड त्यानं उभं केलं होतं आणि त्या पावसाळ्यात तिची बैलं आणि गाय त्याच्या दारात बांधलेली होती. हे मला तिथं, त्या क्षणी, भाच्याकडून कळलं. मामा येत नाही म्हटल्यावर भाचीनं स्वतःच त्याच्याकडं बोट दाखवलं होतं.

त्यानं मला पाहिलं आणि घाईघाईनं डोक्यावरचा फेटा उतरवला. "मास्तर, ही तुमची अमानत," तो म्हणाला. "जागा रिकामी व्हती म्हणून मी जरा हुभा राह्यलो. आणा, बसवू द्या." दोन्ही हातांत फेटा धरून तो माझ्यापुढं आला. तो मनापासून देत होता. मी डोकं पुढं केलं. मला तो फेटा हवा होता, इतका की मला त्याची लाजसुद्धा वाटली नाही.

बहिणीनं त्याच्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, भाई. तुमचा मान हाय, तुमीच घाला." मग ती लेकाकडं वळली. "जा रं, पाव्हण्यांसाठी टॉवेल-टोपी घेऊन ये."

आमच्याकडं लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर सगळ्यांना करतात. गावचा पोलीस पाटील, शेजारगावचा ओळखीचा, कधीतरी एकदा मदतीला आलेला माणूस, कुणालाही. भाच्यानं पांढऱ्या टोप्यांच्या गठ्ठ्यातली वरची एक काढून दिली. बहिणीनं माझ्या कपाळावरचा वाळलेला गाळ पदरानं पुसला, तिथं कुंकू लावलं, टॉवेल माझ्या हातावर ठेवला आणि टोपी दिली. ती भांडेल, रडेल, निदान काहीतरी टोचून बोलेल, म्हणून मी उभा राहिलो. पण माझ्या मागं दुसरे पाव्हणे आहेरासाठी थांबले होते आणि ती त्यांच्याकडं वळली. मी टोपी घातली आणि पंगतीत जागा शोधून बसलो.